तालीम

(नाटक सुरू होते तेव्हा आपल्याला रंगमंचावरील नट दिसतात. त्यांच्या मागे नाटककार, दिग्दर्शक, नेपथ्यकार, संगीतकार अशी कितीतरी माणसे असतात. ही माणसे एकत्र बसून नाटक कसे घडवतात, त्यांचे एकमेकांशी पटले नाही तर काय होते, हे या पाठात सांगितले आहे.)



‘तालीम’ हा शब्द तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. हाच शब्द मराठीतही आहे. पण येथे त्याचा अर्थ थोडा बदलतो. पहिलवान जेथे व्यायाम करतात, त्या जागेला मराठीत तालीम म्हणतात. नाटकाच्या सरावालाही तालीमच म्हणतात. शाळा, आखाडा आणि नाटक या तीन जागा वेगवेगळ्या आहेत. पण तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखीच घडते. माणूस चुकतो, कोणीतरी त्याची चूक दाखवते, आणि तो पुन्हा करून पाहतो.

आता दुसरा शब्द पाहू. तो आहे ‘कार्यशाळा’. आपली बुटीबोरी नागपूर-वर्धा रस्त्यावर आहे. येथे मोठी औद्योगिक वसाहत आहे. तुमच्यापैकी कित्येकांचे वडील, काका किंवा मोठे भाऊ कारखान्यात कामाला जातात. तेथील वर्कशॉपविषयी त्यांना विचारा. एक जण पत्रा कापतो, दुसरा वेल्डिंग करतो, तिसरा रंग देतो. कापणाऱ्याचे माप चुकले, तर वेल्डिंग करणारा कितीही हुशार असला तरी वस्तू नीट होत नाही. प्रत्येकाचे काम दुसऱ्याच्या कामावर अवलंबून असते.

नाटकाची कार्यशाळाही अशीच असते. फरक एवढाच, की कारखान्यात वस्तूचा नकाशा आधीच तयार असतो. नाटकाच्या कार्यशाळेत मात्र काम करता करता नकाशाही बदलतो. म्हणूनच तेथे वाद होतात, आणि म्हणूनच तेथे शिकायलाही मिळते.

कोण काय करतो?

नाटककार नाटक लिहितो. पात्रे कोण, ती काय बोलतात, गोष्ट कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हे तो ठरवतो. लिहिलेल्या नाटकाला ‘संहिता’ म्हणतात.

दिग्दर्शक ती संहिता रंगमंचावर आणतो. कोणी कोठे उभे राहायचे, कोठे थांबायचे, कोठे हळू बोलायचे, हे तो नटांबरोबर ठरवतो.

नेपथ्यकार रंगमंचावरची जागा तयार करतो. घर, अंगण, दुकान, रस्ता हे सारे त्याच्याकडे असते. कपड्यांचे काम वेशभूषाकाराचे, दिव्यांचे काम प्रकाशयोजना करणाऱ्याचे आणि गाण्या-वाजवण्याचे काम संगीतकाराचे.

ही यादी वाचून तुम्हाला वाटेल, की प्रत्येकाने आपापले काम करावे, म्हणजे नाटक तयार झाले! पण तसे होत नाही. का होत नाही, ते एका उदाहरणाने पाहू.

समजा, नाटककार तुम्हीच आहात

समजा, आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात वीस मिनिटांचे नाटक करायचे आहे. त्यासाठी वर्गात एक छोटी कार्यशाळा घ्यायची ठरली. नाटक तुम्ही लिहिले आहे. एका आजोबांची ही गोष्ट आहे. त्यांच्या शेताच्या जागी आता कारखाना उभा आहे. त्यांचा नातू त्याच कारखान्यात काम करतो. आजोबांना शेतातली विहीर आठवते. त्या विहिरीबद्दल तुम्ही आजोबांच्या तोंडी दोन पानांचे भाषण लिहिले आहे. रात्री जागून लिहिले आहे. तुम्हाला ते फार आवडते.

पहिल्या दिवशी सर्वजण गोल करून बसतात. तुम्ही नाटक वाचून दाखवता. नेपथ्याचे काम एका मुलीकडे आहे. ती म्हणते, “मी मागे मोठा पडदा लावणार. त्यावर कारखान्याची चिमणी आणि धूर रंगवणार.”

तुम्हाला ते पटत नाही. तुम्ही म्हणता, “मग लोक चिमणीकडेच बघत बसतील. आजोबांकडे कोण बघणार?” सर्वजण विचार करतात. पडद्याची कल्पना सोडून दिली जाते. मुलीला थोडे वाईट वाटते, पण ती दुसरा विचार करू लागते.

दुसऱ्या दिवशी ती घरून एक दोर आणि एक जुनी बादली घेऊन येते. “विहीर बांधता येणार नाही,” ती म्हणते. “पण दोर तर आहे.” आजोबांचे काम करणारा मुलगा जमिनीवर बसतो. समोर विहीर आहे असे समजून तो दोर ओढू लागतो. हळूहळू, दमत दमत. बादली त्याच्या हातात येते. तो आत बघतो. बादली रिकामी आहे.

वर्ग शांत होतो. दिग्दर्शक मुलगा तुमच्याकडे वळून म्हणतो, “आता ते भाषण नको.”

त्या क्षणी तुम्हाला काय वाटेल? राग येईल. तुमची दोन पाने गेली! हे नाटक माझे आहे, असे तुम्हाला म्हणावेसे वाटेल.

आता तुमच्यासमोर तीन वाटा आहेत. पहिली वाट म्हणजे वही उचलून घरी जाणे. दुसरी वाट म्हणजे मनात नाराज राहून ‘ठीक आहे’ म्हणणे. या दोन्ही वाटांनी नाटकाचे नुकसानच होते. तिसरी वाट म्हणजे, “दोन्ही करून पाहू या,” असे म्हणणे.

तुम्ही तिसरी वाट घेता. पाचवीच्या मुलांना समोर बसवले जाते. आधी भाषण म्हटले जाते. पहिले पान संपेपर्यंत मुले चुळबुळ करू लागतात. मग भाषण काढून फक्त दोर आणि बादली दाखवली जाते. मुले टक लावून पाहतात. पण प्रवेश संपल्यावर एक लहान मुलगा विचारतो, “ते आजोबा काय ओढत होते?”

म्हणजे भाषण जास्त होते. पण एकही शब्द नसणे हेही चूक होते. आता तुमचे काम पुन्हा सुरू होते. तुम्ही दोन पानांच्या जागी दोनच वाक्ये लिहिता. नातू विचारतो, “आजोबा, विहिरीचं पाणी कसं होतं?” आजोबा रिकाम्या बादलीकडे बघून म्हणतात, “गोड होतं.”

आता सांगा, हा प्रवेश कोणाचा? विहिरीची गोष्ट तुमची, दोर नेपथ्य करणाऱ्या मुलीचा, शांतता दिग्दर्शकाची, आणि प्रश्न त्या पाचवीतल्या मुलाचा. कार्यशाळेत ‘हे कोणाचे?’ असे विचारायचे नसते. ‘हे नाटकाला हवे आहे का?’ असे विचारायचे असते. आणि उत्तर केवळ बोलून मिळत नाही. करून पाहावे लागते.

आपल्या भागातील कलावंत

हे झाले कल्पनेतले उदाहरण. आता खऱ्या कलावंतांची माहिती घेऊ. नाटकातील मोठी माणसे फक्त मुंबई-पुण्यातच घडली, असा तुमचा समज असेल तर तो काढून टाका.

नाटककार महेश एलकुंचवार यांचा जन्म १९३९ साली यवतमाळ जिल्ह्यातील पारवा या गावी झाला. नागपुरात ते इंग्रजीचे प्राध्यापक होते. तरुणपणी एकदा ते सिनेमा पाहायला गेले. तिकिटे मिळाली नाहीत, म्हणून ते नाटकाला जाऊन बसले. ते नाटक होते विजय तेंडुलकर यांचे ‘मी जिंकलो! मी हरलो!’ आणि दिग्दर्शिका होत्या विजया मेहता. एलकुंचवार इतके भारावले, की दुसऱ्या दिवशी तेच नाटक त्यांनी पुन्हा पाहिले आणि आपणही नाटक लिहायचे असे ठरवले. पुढे त्यांची ‘सुलतान’ ही एकांकिका ‘सत्यकथा’ मासिकात छापून आली. ती वाचून विजया मेहता यांनी त्यांच्या एकांकिका रंगमंचावर आणल्या. १९८५ साली त्यांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे गाजलेले नाटकही विजया मेहता यांनीच दिग्दर्शित केले. विदर्भातील एका जुन्या घराण्याची ही कहाणी आहे. त्यात वाडा हे जणू एक पात्रच आहे. तो वाडा आणि त्यातली माणसे नाटककाराने कागदावर उभी केली. ती प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर आणायला दिग्दर्शक, नेपथ्यकार आणि नट यांचे हात लागले.

नेपथ्यकार द. ग. गोडसे यांचे शिक्षण नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे आणि नंतर नागपूरच्या मॉरिस कॉलेजात झाले. ते चित्रकार होते, लेखक होते आणि इतिहासाचे अभ्यासकही होते. शंभरावर नाटकांसाठी त्यांनी काम केले. नेपथ्यकार म्हणजे नुसते पडदे रंगवणारा नव्हे, हे त्यांच्या कामावरून कळते. जुन्या काळातले नाटक असेल, तर त्या काळी लोक कोणते कपडे घालत, घरे कशी बांधत, याचा त्याला अभ्यास करावा लागतो. म्हणजे नेपथ्यकारानेही हातात कुंचला घेण्याआधी नाटक नीट वाचायचे असते.

त्याच मॉरिस कॉलेजात आणखी एक विद्यार्थी शिकला. त्याचे नाव हबीब तन्वीर. त्यांचा जन्म १९२३ साली रायपूरला झाला. ते उर्दूचे कवी, नाटककार आणि दिग्दर्शक. १९५४ साली दिल्लीत त्यांनी ‘आग्रा बाजार’ हे उर्दू नाटक केले. त्यात जामिया मिल्लिया इस्लामियाचे विद्यार्थी होते आणि ओखला गावचे साधे गावकरीही होते. हे नाटक नज़ीर अकबराबादी या कवीवर आहे. नज़ीर यांची कविता तुम्ही उर्दूच्या पुस्तकात वाचली असेल. गंमत अशी, की या नाटकात नज़ीर स्वतः एकदाही रंगमंचावर येत नाहीत! बाजारात एक काकडीवाला आहे. त्याची काकडी कोणी घेत नाही. काकडीवर कोणीतरी कविता करून द्यावी, म्हणून तो कवींच्या मागे फिरतो. मोठे कवी त्याला हाकलून देतात. शेवटी नज़ीर यांची कविता मिळते, तो ती गात फिरतो आणि काकडी विकली जाते.

या बाजारात एका बाजूला पुस्तकांचे दुकान आहे. तेथे विद्वान लोक बसतात आणि नज़ीर यांना कवी मानायला तयार नसतात. दुसऱ्या बाजूला पतंगाचे दुकान आहे. तेथे साधी माणसे नज़ीर यांच्या कविता प्रेमाने म्हणतात. दोन दुकाने समोरासमोर ठेवली, की नाटकातला वाद प्रेक्षकाला डोळ्यांनीच दिसतो. येथे नेपथ्य केवळ शोभेचे राहत नाही. तेही नाटकातले वाक्यच होते.

दिग्दर्शकाची चूक

हबीब तन्वीर पुढे नाटक शिकण्यासाठी लंडनला गेले. परत आल्यावर त्यांनी छत्तीसगढमधील ‘नाचा’ या लोकनाट्याचे कलावंत आपल्या नाटकांत घेतले. हे कलावंत खेड्यातले होते. गाणे, हसवणे, नक्कल करणे यांत ते तरबेज होते. पण तन्वीर यांच्या तालमीत ते अडखळू लागले. जे आपल्या गावात रात्रभर लोकांना खिळवून ठेवत, ते येथे अवघडून उभे राहत.

चूक कोणाची होती? तन्वीर यांनी ती आपल्याकडे घेतली. आपल्याकडून दोन चुका झाल्या, असे ते पुढे मोकळेपणाने सांगत. पहिली चूक म्हणजे, ‘येथून उजवीकडे जा, येथे थांबा’ असे लंडनमध्ये शिकलेले नियम ते त्यांच्यावर लादत होते. दुसरी चूक म्हणजे, ज्यांची मातृभाषा छत्तीसगढी, त्यांना ते हिंदीत बोलायला लावत होते. मग त्यांनी कलावंतांना त्यांच्या भाषेत बोलू दिले, त्यांच्या पद्धतीने वावरू दिले.

१९७३ साली त्यांनी रायपूरला नाचा कलावंतांची कार्यशाळा घेतली. तेथे नाचाचे तीन विनोदी खेळ एकत्र गुंफून, त्यांत लोकगीते घालून एक नवे नाटक तयार झाले. त्याचे नाव ‘गाव के नाव ससुराल, मोर नाव दमाद’. १९७५ साली त्यांचे ‘चरणदास चोर’ हे नाटक आले. त्याची मूळ गोष्ट राजस्थानचे लेखक विजयदान देथा यांची. तिच्यात छत्तीसगढचे पंथी नृत्य आणि गाणी मिसळली. १९८२ साली स्कॉटलंडमधील एडिंबरा येथील नाट्यमहोत्सवात या नाटकाला पुरस्कार मिळाला. खेड्यातल्या ज्या माणसांना तालमीत डावे-उजवे जमत नव्हते, त्यांच्याच नाटकाचा हा गौरव होता.

मुलांनो, ही गोष्ट लक्षात ठेवा. शिकवणाऱ्याचीही चूक होऊ शकते. ती कबूल केल्याने त्याचा मान कमी होत नाही.

माणसांची भिंत

मराठीतील एक प्रसिद्ध उदाहरण पुण्याचे आहे. १६ डिसेंबर १९७२ रोजी ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. नाटककार विजय तेंडुलकर, दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल, संगीतकार भास्कर चंदावरकर आणि नृत्याची आखणी कृष्णदेव मुळगुंद यांची. सत्ता हातात आली की माणूस कसा बदलतो, आणि सत्ता देणारा स्वतः नामानिराळा कसा राहतो, हे या नाटकात दाखवले आहे.

या नाटकात माणसांची रांगच पडद्याचे काम करते. माणसे प्रेक्षकांकडे पाठ करून उभी राहिली, की भिंत तयार होते. वळली की तीच माणसे पुण्याचे लोक होतात. ती गातात, डोलतात, कधी काही लपवतात, कधी काही उघड करतात. ही कल्पना नाटककाराने लिहिली होती. पण कागदावर भिंत हलत नाही, गात नाही. तिला चाल हवी, ताल हवा, सूर हवा. दिग्दर्शक, संगीतकार आणि नृत्याची आखणी करणारा यांनी एकत्र येऊन ती भिंत जिवंत केली. रांगेतल्या एका माणसाचा पाय चुकला, तरी भिंत मोडते. म्हणजे रांगेत उभे राहणारा साधा नटही येथे तितकाच महत्त्वाचा आहे.

या नाटकावर मोठा वाद झाला. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने ते बंद केले. तेव्हा त्यात काम करणारे कलावंत वेगळे झाले. १९७३ साली त्यांनी थिएटर अकॅडमी ही संस्था स्थापन केली आणि नंतर नाटक पुन्हा सुरू केले. पुढे युरोपातही त्याचे प्रयोग झाले. ज्यांनी एकत्र बसून काही घडवले असते, ते अडचणीतही एकत्र उभे राहतात.

त्याच थिएटर अकॅडमीने नाटककार सतीश आळेकर यांच्या पुढाकाराने नव्या नाटककारांसाठी योजना राबवली. १९८५ ते १९९४ या काळात ती चालली. लिहिणाऱ्याने एकट्याने लिहून थांबू नये, आपले लेखन इतरांसमोर वाचावे, त्यांचे ऐकावे, ही सवय अशा उपक्रमांतून लागते.

तुमच्यासाठी

आता पुन्हा आपल्या वर्गाकडे येऊ. मराठी तुमची मातृभाषा नाही. मराठीत बोलताना चूक होईल, मुले हसतील, म्हणून तुमच्यापैकी काहीजण गप्प बसतात. मी रोज वर्गात हे पाहतो. पण नाटकाच्या तालमीत एक सोय असते. तेथे पहिल्या दिवशी सगळेच चुकतात. नाटककाराची पाने खोडली जातात. नेपथ्यकाराचा पडदा नाकारला जातो. दिग्दर्शकाला आपला नियम मागे घ्यावा लागतो. मग तुमचे एखादे वाक्य चुकले, तर त्यात लाज कसली?

यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी एक नाटक तुम्हीच लिहा. मराठीत लिहा. आजीच्या तोंडी उर्दू शोभत असेल, तर आजीला उर्दूत बोलू द्या. शेजारचा शेतकरी वऱ्हाडीत बोलत असेल, तर त्याला तसेच बोलू द्या. लिहिलेले सर्वांना वाचून दाखवा. कोणी ‘हे नको’ म्हणाले, तर रागावू नका आणि लगेच मानही डोलावू नका. “करून पाहू या,” असे म्हणा.

तालीम या शब्दाचा उर्दू अर्थ आणि मराठी अर्थ तुम्हाला तेथे एकाच जागी भेटतील.

शब्दार्थ

नेपथ्य – रंगमंचावरील सजावट व मांडणी
संहिता – लिहिलेले नाटक
प्रवेश – नाटकाचा एक छोटा भाग
चुळबुळ करणे – एका जागी शांत न बसणे
भारावणे – मनावर खूप परिणाम होणे
तरबेज – कुशल, निपुण
लादणे – इच्छा नसताना करायला लावणे
कुंचला – रंग देण्याचा ब्रश
गुंफणे – ओवणे, एकत्र जोडणे
नामानिराळा राहणे – सर्व करून आपला संबंध नाही असे दाखवणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मराठीत ‘तालीम’ या शब्दाचे कोणते दोन अर्थ आहेत?
(आ) ‘आग्रा बाजार’ हे नाटक कोणत्या कवीवर आहे?
(इ) द. ग. गोडसे यांचे शिक्षण कोठे झाले?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कारखान्यातील वर्कशॉप आणि नाटकाची कार्यशाळा यांत कोणता फरक आहे?
(आ) हबीब तन्वीर यांनी आपल्या कोणत्या दोन चुका सांगितल्या?
(इ) ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकातील माणसांची भिंत कशी तयार होते?

प्र. ३. सात-आठ वाक्यांत लिहा.
पाठातील नाटककार विद्यार्थ्यासमोर तीन वाटा होत्या. तुम्ही कोणती वाट घेतली असती? का?

प्र. ४. पुढील शब्द उर्दूतही आहेत. मराठीत त्यांचा अर्थ तोच आहे की बदलला आहे, ते शिक्षकांना विचारून लिहा.
पडदा, बाजार, दुकान, नक्कल, तालीम, राजीनामा.

उपक्रम : चार-चार जणांचे गट करा. प्रत्येक गटात एक नाटककार, एक दिग्दर्शक, एक नेपथ्यकार आणि एक नट असेल. घरातील एकच वस्तू घेऊन पाच मिनिटांचा प्रवेश तयार करा. दुसऱ्या दिवशी कामांची अदलाबदल करा आणि तोच प्रवेश पुन्हा करून पाहा.